सांगितलेले आणि पोचलेले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. माझी सारी हयात रुग्णालयाच्या वॉर्डात गेली. तेव्हा मला बोलता येते ते रोग्यांशी, फार तर डॉक्टरांशी. पण चिटणीसबाईंनी मला विषय असा दिला की नाही म्हणवेना. त्या म्हणाल्या, "आपल्या भगिनी हल्ली नोकऱ्या करतात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी कचेरीत, कोणी आपल्या पोळीभाजी केंद्रात. पण कामाने थकत नाहीत इतक्या कामावरच्या बोलाचालीने थकतात. त्याविषयी काही सांगा." हे मला तंतोतंत पटले. ३४ वर्षे मी परिचारिकेचे काम केले. पाय दुखले तर घरी येऊन गरम पाण्यात बुडवून बसता येते. परंतु "मी सांगितले होते" आणि "मला कोणी सांगितलेच नाही" या दोन वाक्यांच्या कात्रीत जो सापडला, त्याला कोणताच शेक लागू पडत नाही.

या दोन वाक्यांविषयीच मी आज बोलणार आहे. गंमत अशी की पुष्कळदा दोन्ही वाक्ये खरी असतात. सांगणाऱ्याने खरोखरच सांगितलेले असते, आणि ऐकणाऱ्यापर्यंत ते खरोखरच पोचलेले नसते. शब्द तोंडातून बाहेर पडला की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते निम्मेच झालेले असते. उरलेले निम्मे ऐकणाऱ्याकडे असते, आणि ते झाले की नाही हे तो सांगेपर्यंत आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

आपल्या मराठीतला 'परवा' हा साधा शब्द घ्या. "परवा पाहुणे आले होते" यातही परवा, आणि "परवा पाहुणे येणार आहेत" यातही परवाच. समोरासमोर बोलताना क्रियापदावरून उलगडा होतो. पण घाईघाईने चिठ्ठीवर नुसते 'परवाचा रिपोर्ट' एवढेच लिहून ठेवले, तर नव्याने लागलेल्या मुलीने झालेला रिपोर्ट शोधावयाचा, की व्हावयाच्या रिपोर्टाची आठवण ठेवावयाची? लिहिणारीच्या मनात अर्थ स्वच्छ असतो. तिला शंकाही येत नाही की आपण काही अर्धवट लिहिले आहे.

आमच्याकडे केरळातून आलेल्या मुली पुष्कळ असत. फार कष्टाळू आणि हुशार. दोन-चार महिन्यांत मराठी बोलू लागत, 'अगंबाई' सुद्धा अगदी ठसक्यात म्हणत. पण 'दीड', 'अडीच' आणि 'पाऊण' या तीन शब्दांपाशी त्या थबकत. आणि आपल्या मराठी मुलींचे दुसरेच. त्यांना 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत गोंधळ होई, कारण शाळेत त्या इंग्रजी आकड्यांवर वाढलेल्या. तेव्हा आमच्या वॉर्डात आम्ही असे ठरवून टाकले होते की औषधाच्या बाबतीत दीड-अडीच म्हणावयाचे नाही. 'दोन आणि अर्धी' म्हणावयाचे. आणि आकडा मोठा असला तर 'पाच, नऊ, एकोणसाठ' असा सुटा करून पुन्हा एकदा म्हणावयाचा. बाहेरून आलेल्याला हा पोरखेळ वाटे. पण मधुमेहावरचे इन्शुलिन युनिटच्या मापाने देतात हे आपणांपैकी कित्येकींना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. पूर्वी युनिटसाठी नुसते इंग्रजी 'यू' हे अक्षर लिहीत. घाईच्या अक्षरात ते शून्यासारखे दिसे, आणि ४ युनिटचे ४० होत. ही चूक इतकी सर्रास होई की अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली ते एकटे अक्षर लिहिण्याची बंदीच केली. 'युनिट' असा सबंध शब्द लिहा, असा नियम झाला. एका अक्षराची काटकसर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते!

रात्री-अपरात्री डॉक्टर फोनवरून औषध सांगत. त्या वेळी सिस्टरने काय करावयाचे? ऐकता ऐकता आधी कागदावर लिहावयाचे. मग लिहिलेले वाचून दाखवावयाचे. आठवणीतले नव्हे, कागदावरचे. आणि पलीकडून "बरोबर" असे उत्तर आले की मगच औषधाच्या कपाटाला हात लावावयाचा. तीन पावले, आणि त्यांतले एकही गाळावयाचे नाही. नव्या मुली मधले पाऊल गाळू पाहत. पुन्हा विचारले तर 'हिला एवढेही समजले नाही' असे डॉक्टरांना वाटेल, ही भीती. मी त्यांना धान्याच्या अड्ड्यावरच्या मापाऱ्याची गोष्ट सांगत असे. मापारी प्रत्येक माप ओतताना आकडा मोठ्याने म्हणत जातो; पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. त्याला आकडे येत नाहीत म्हणून का तो ओरडतो? घेणारा आणि देणारा, दोघांच्याही कानांवर एकच आकडा पडावा म्हणून ओरडतो. त्यात कोणालाच अपमान वाटत नाही.

तशीच गोष्ट चार्ज देण्याघेण्याची. सकाळी रात्रपाळीची सिस्टर दमून गेलेली, मन घरच्या वाटेला लागलेले. दिवसपाळीची बस पकडून धापा टाकीत आलेली. या दोघींनी टेबलापाशी उभे राहून पाच मिनिटांत तीस रोग्यांची हकीकत एकमेकींना सांगावयाची म्हणजे काय काय गळत असेल ते पाहा. त्यापेक्षा प्रत्येक कॉटपाशी जाऊन चार्ज दिला-घेतला तर वेळ थोडा जास्त लागतो, पण रोगी ऐकत असतो, आणि तो मधेच म्हणतो, "अहो सिस्टर, ती गोळी काल डॉक्टरांनी बंद केली ना?" फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या परिचर्येवरच्या पुस्तकात याच गोष्टीवर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. बाई असताना जे होते तेच बाई नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे ही खरी देखरेख, असा त्यांचा रोख आहे. ज्या बाईवाचून वॉर्ड अडतो ती बाई कर्तबगार, असे आपल्याकडे समजतात. मला तरी ते कधी पटले नाही.

आता मी तुम्हांला विमानांची गोष्ट सांगणार आहे. रुग्णालयातल्या बाईला विमानांचे काय, असे तुम्ही म्हणाल. पण या बाबतीत रुग्णालयांनी पुष्कळ काही विमानवाल्यांकडून उचलले, आणि विमानवाल्यांनी ते फार मोठी किंमत देऊन शिकलेले होते.

१९७७ सालच्या मार्च महिन्याची २७ तारीख. अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ नावाच्या बेटावर एक लहानसा विमानतळ आहे. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमाने येथे वळवलेली. त्यामुळे दाटी झालेली. त्यात धुके उतरले. एक डच विमान धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणासाठी उभे होते, आणि त्याच पट्टीवरून एक अमेरिकन विमान त्याच्या दिशेने सावकाश पुढे येत होते. दोन्ही प्रचंड, पण धुक्यामुळे दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. डच विमानाला उडाल्यावर कोणत्या मार्गाने जावयाचे हे मनोऱ्यावरून सांगण्यात आले. उडण्याची परवानगी अजून मिळालेली नव्हती. सहवैमानिकाने ऐकलेले रीतीप्रमाणे उलट म्हणून दाखवले आणि शेवटी 'आम्ही आता उड्डाणावर आहोत' अशा अर्थाचे काही शब्द जोडले. 'उड्डाणासाठी उभे आहोत' असाही त्याचा अर्थ होई आणि 'निघालो' असाही. मनोऱ्यावरून आधी "ओके" म्हटले गेले, आणि नंतर "थांबा, मी सांगेन." पण नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन वैमानिक "आम्ही अजून पट्टीवरच आहोत" असे सांगू लागले. दोन आवाज एकावर एक आले आणि डच विमानात ऐकू आली ती कर्कश शीळ. स्पष्ट कानावर पडले ते एकच, "ओके."

तरीही वाचण्याची एक संधी होती. डच विमानातील इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारले, ते अमेरिकन विमान पट्टीवरून दूर झाले नाही का? मुख्य वैमानिक म्हणजे त्या कंपनीत इतरांना ते विमान चालवावयास शिकवणाऱ्यांचा प्रमुख. त्याने ठासून सांगितले, झाले. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत इतकी माणसे दुसऱ्या कोठेही गेलेली नाहीत.

त्यानंतर नियम बदलले. 'टेक-ऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती मागे घेताना एवढाच उच्चारावयाचा, एरवी 'डिपार्चर' म्हणावयाचे. नुसत्या 'ओके'वर भागवावयाचे नाही. शब्दांचे हे नियम लौकर झाले. परंतु त्या इंजिनिअरने दुसऱ्यांदा कसे विचारावे, आणि मुख्याने ते कसे ऐकून घ्यावे, हे शिकवावयास फार वर्षे लागली. १९७९ साली अमेरिकेत नासा या संस्थेने त्यासाठी जाणकारांची बैठक भरवली, आणि तेथून वैमानिकांना एकत्र काम करण्याचे निराळे शिक्षण देण्याची प्रथा पडली.

आणि आता आमच्या क्षेत्रातली गोष्ट. ही सांगताना मला अजूनही जड जाते.

इंग्लंडात मार्टिन ब्रोमिली नावाचे वैमानिक आहेत. त्यांच्या पत्नीचे नाव एलेन. वय ३७, दोन लहान मुलांची आई, प्रकृती ठणठणीत. २००५ सालच्या मार्चमध्ये नाकाच्या एका साध्या शस्त्रक्रियेसाठी त्या रुग्णालयात गेल्या. भूल दिल्यावर त्यांच्या श्वासाचा मार्ग अडला. नळी आत जाईना, प्राणवायू पोचेना. अशा वेळी गळ्याला छेद घेऊन श्वासाला वाट करून द्यावी लागते. तेथे एकाहून अधिक अनुभवी डॉक्टर होते. पण ते नळी घालण्याच्या प्रयत्नात इतके गुंतले की वेळ किती गेला याचे भानच राहिले नाही. खोलीतल्या परिचारिकांना मात्र ते दिसत होते. एकीने गळ्याच्या छेदाचे साहित्य आणून ठेवले आणि ते तयार आहे असे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात फोन करून खाट राखून ठेवावयास सांगितली. पण डॉक्टरांनी तिच्याकडे असे पाहिले की 'आपण उगीच बाऊ केला' असे वाटून तिने ती खाट रद्द केली. एलेनबाई शुद्धीवर आल्याच नाहीत. तेरा दिवसांनी त्या गेल्या.

पुढे चौकशी झाली तेव्हा परिचारिकांपैकी दोघींनी सांगितले की काय करावयास हवे ते आम्हांला ठाऊक होते. ते डॉक्टरांना कसे म्हणावे हे कळले नाही.

भगिनींनो, ज्ञान होते, साहित्य होते, माणसे होती. एक वाक्य तेवढे नव्हते. आणि ब्रोमिली स्वतः वैमानिक असल्यामुळे त्यांना हे लगेच ओळखू आले. त्यांनी डॉक्टरांना फाशी द्या म्हणून आरोळी ठोकली नाही. विमानात आम्ही जे शिकतो ते रुग्णालयात का शिकवीत नाहीत, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि २००७ साली त्यासाठी डॉक्टर व इतर जाणकार यांचा एक गट उभा केला. या माणसापुढे मी मनातल्या मनात नेहमी हात जोडते.

साहित्य आणून ठेवणे म्हणजे काय? ते आडून बोलणेच होय. "हे तयार आहे" असे म्हणावयाचे आणि पुढचे त्यांनी समजून घ्यावे अशी आशा करावयाची. या विद्येत आपण बायका तरबेज. लेकी बोले सुने लागे, ही म्हण आपल्याच घरांतून निघाली. आमटी खारट झाली असे सासूबाईंना म्हणावयाचे नसते, "मीठ नव्या पुडीतले का हो?" असे विचारावयाचे असते. घरात त्याने गोडी टिकत असेल, मी नाही म्हणत नाही. परंतु कामाच्या जागी, आणि विशेषतः घाईच्या वेळी, आडून बोललेले पोचत नाही. समोरचा माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. त्याचे सारे लक्ष दुसरीकडे असते, आणि सूचक बोलण्याचा अर्थ लावावयास मन जरा मोकळे असावे लागते.

मग कसे बोलावे? आरडाओरडा करावयास नको, उर्मटपणाही नको. आधी नाव घ्यावे, म्हणजे माणूस वळतो. मग डोळ्यांना दिसते ते सांगावे, मग आपल्याला कशाची काळजी वाटते ते, आणि शेवटी काय हवे ते. "डॉक्टरसाहेब, बारा नंबरची नाडी १३० झाली आहे. अंगाला घाम आहे. मला रक्तस्रावाची शंका येते. आपण आत्ता येऊन पाहावे." एवढे बोलावयास अर्धे मिनिटही लागत नाही. "बारा नंबर जरा बरी वाटत नाही हो" या वाक्याने मात्र कोणीही अंथरुणातून उठत नाही, आणि मग आपण म्हणतो, सांगितले तरी आले नाहीत.

हे झाले बोलणाऱ्याचे. पण याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. ती एका प्रसंगाने सांगते.

आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या. आमच्याकडे आयाबाईंना सगळे मावशीच म्हणत. केर-लादी, बेडपॅन, कपडे बदलणे ही त्यांची कामे. एका सकाळी एका गृहस्थांचे पोटाचे ऑपरेशन ठरलेले होते. रात्री त्यांना बजावले होते, "सकाळी काही खायचे नाही." सकाळी केस पेपरवर लिहिले गेले, उपाशी आहे. ट्रॉली थिएटरच्या दाराशी पोचली. आणि मावशी जिन्यावरून धापा टाकीत वर आल्या. त्यांना कॉटखाली रिकामी कपबशी सापडली होती, तळाशी चहा अजून ओला. थिएटरच्या दाराशी कोण उभे असते ते तुम्हांला माहीत नसेल. तेथे मावशींना कोणी उभे करीत नाही. तरी त्या आत डोकावून सरळ म्हणाल्या, "सायेब, या पेशंटानं चहा घेतलाय."

शल्यविशारद फार तापट गृहस्थ. सारी तयारी झालेली, भूलतज्ज्ञ येऊन बसलेले, मागे दुसरे ऑपरेशन ताटकळलेले. त्यांच्या कपाळावर आठी आली. आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. रोग्याला विचारले तेव्हा तो निष्पापपणे म्हणाला, "हो, बायकोने थर्मासमधून आणला होता. पण खाल्ले नाही हो काहीच!"

त्याचे तरी काय चुकले? आपल्या भाषेत चहा खात नाहीत, पितात. पोट भरलेले असताना भूल दिली तर पोटातले वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि दुधाचा चहा या हिशोबात अन्नासारखाच. ऑपरेशन दुपारवर ढकलले. शल्यविशारद हातमोजे काढता काढता थांबले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "मावशी, बरे झाले सांगितलेत. पुन्हा असे काही दिसले तर असेच या."

त्यांनी हे वाक्य उच्चारले नसते तरी तो रोगी वाचलाच असता. पण पुढचा वाचला असता की नाही, सांगवत नाही. कारण त्या दिवसानंतर मावशीच काय, सफाईचे मामासुद्धा येऊन सांगू लागले, "सिस्टर, अमक्याची बाटली थेंबथेंब पडत नाही," "तमका रात्री दोनदा पडता पडता वाचला." या माणसांना फार दिसत असते. त्यांना विचारीत कोणी नाही. आणि आम्ही त्या दिवसापासून सांगण्याचे शब्द बदलले: "चहा नाही, दूध नाही, तोंडात काहीही घ्यायचे नाही. आता तुम्ही मला सांगा पाहू, सकाळी काय काय घ्यायचे नाही?" रोग्याकडून उलट वदवून घेतल्याखेरीज पुढच्या कॉटकडे सरकावयाचे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक यादी तयार केली. एका पानावर १९ गोष्टी. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रोग्याला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी त्या मोठ्याने म्हणावयाच्या. हे काम ज्यांच्या पुढाकाराने झाले ते अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या खेड्यातले, हे ऐकून तुम्हांलाही माझ्यासारखाच आनंद होईल. यादीत रोग्याचे नाव, कोणत्या बाजूचे ऑपरेशन, कापसाचे बोळे व सुया मोजल्या का, असे सगळे आहे. पण त्यातली मला सर्वांत आवडलेली बाब म्हणजे, छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगावयाचे. यात काय मोठे, असे वाटेल. पण ज्या माणसाने एकदा तोंड उघडून स्वतःचे नाव उच्चारले, त्याला पुढे "थांबा" म्हणणे थोडे सोपे जाते. जगातल्या आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. त्यात दिल्लीचे एक होते. २००९ च्या आरंभी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले होते, आणि गंभीर उपद्रव ११ वरून ७ वर.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. पुढे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात शंभरावर रुग्णालयांत हीच यादी सक्तीने लागू केली, आणि २०१४ साली पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कोणी म्हणतात यादीत दम नाही, कोणी म्हणतात ती नीट राबवली नाही. मी स्वतः पाहिले आहे ते सांगते. कागद तोच असला तरी एके ठिकाणी डॉक्टर हातातले काम थांबवून वाचणारीकडे पाहतात, आणि दुसरीकडे सिस्टर कोपऱ्यात बसून भराभर खुणा करून मोकळी होते. कागदाने माणसे बोलती होत नाहीत. कागद निमित्त देतो, इतकेच.

आता आपल्या अंगणात येते. केंद्रातल्या भगिनींनी मला गेल्या होळीची हकीकत सांगितली. दीडशे पुरणपोळ्यांची मागणी आली. दोघींनी आपापल्या परीने जबाबदारी घेतली, दोघींनीही आपापल्या घरी हरभऱ्याची डाळ भिजत घातली, आणि पुढे चार दिवस निम्म्या आळीने कटाची आमटी खाल्ली. हसू नका, डाळ दुप्पट झाली म्हणून निभावले. उलट झाले असते, म्हणजे प्रत्येकीला वाटले असते की दुसरीने भिजवली, तर? 'आपण बघू', 'करून टाकू', 'होईल ते' या आपल्या बोलण्यात कर्ताच नसतो. "डाळ मी भिजवते, पाच किलो, आज रात्री" यात कर्ता आहे, माप आहे, वेळ आहे. असे बोलणे थोडे रुक्ष वाटते खरे. पण रुक्ष बोलून गोड पुरणपोळी होत असेल तर काय बिघडले?

हल्ली सगळे निरोप वॉट्सअॅपवर जातात. तेथे दोन निळ्या खुणा दिसल्या की निरोप पोचला असे आपण समजतो. त्या खुणांवरून निरोप उघडला गेला एवढेच कळते. वाचणारी त्या वेळी लोकलमध्ये एका पायावर उभी होती की काय, ते कळत नाही. आणि त्या अंगठ्याचे तर विचारूच नका. अंगठा म्हणजे 'पाहिले', की 'समजले', की 'करते'? मंडळाने या तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द ठरवून घ्यावेत अशी माझी सूचना आहे. निकडीचे काम असेल तर फोन करावा, आणि पलीकडच्या बाईकडून वदवून घ्यावे.

काल एका भगिनीने मला विचारले, "सगळे खरे; पण आमचे साहेब ऐकूनच घेत नाहीत, त्याला काय करावे?" याला माझ्याजवळ रामबाण औषध नाही. ते शोधून काढतील त्यांचा मी सत्कार करीन. एवढे सांगते की चारचौघांत सांगण्यापेक्षा आधी एकांतात सांगून पाहावे. काम बिघडण्यापूर्वी सांगावे, बिघडल्यावर "मी म्हटलेच होते" म्हणण्यासाठी नव्हे. एकटीचे ऐकत नसतील तर दोघींनी जावे. आणि बोललेले त्याच दिवशी दोन ओळींत लिहून, तारीख घालून पाठवावे. तरीही ऐकले नाही तर दोष सांगणारीचा नाही. अशा ठिकाणी 'तुम्ही धीट व्हा' असा उपदेश बायकांना करणे मला पटत नाही. धीटपणाची किंमत बहुधा त्यांनाच द्यावी लागते, उपदेश करणाऱ्याला नाही.

म्हणून मला अधिक बोलावयाचे आहे ते वरच्या खुर्चीवर बसलेल्यांशी. येथे मुख्याध्यापिका आहेत, बँकेत अधिकारी असलेल्या भगिनी आहेत, केंद्र चालवणाऱ्या आहेत, आणि घरोघरी कामाला येणाऱ्या बायकांना दिवसभर काही ना काही सांगणाऱ्या तर आपण सगळ्याच आहोत. गेल्या महिनाभरात हाताखालच्या कोणी आपल्याला "बाई, हे असे नाही, तसे आहे" म्हणून अडवले का, हे आठवून पाहा. एकदाही अडवले नसेल तर आपण एकदाही चुकलो नाही, असा त्याचा अर्थ काढू नये. "काही शंका आहे का?" असे विचारले की सगळ्या माना हलवून "नाही" म्हणतात. त्याऐवजी "मी सांगितलेल्यात काय राहून गेले?" असे विचारा. त्यात चूक काढण्याची परवानगी आपणच दिलेली असते. आणि कोणी सांगितलेच, तर तेव्हा आपला चेहरा सांभाळा. त्या इंग्लंडातल्या सिस्टरने खाट रद्द केली ती कोणाच्या शब्दाने नव्हे, नुसत्या पाहण्याने.

केंद्रासाठी मी येताना दोन वह्या आणल्या आहेत. आडव्या रेघांची एक पाकशाळेत, एक मागणी घेण्याच्या टेबलावर. प्रत्येक पानावर चार रकाने मी आखून ठेवले आहेत: काय, किती, कोण, केव्हापर्यंत. पाचवा रकाना लहान आहे. त्यात काम घेणारीने मागणी वाचून दाखवून आपले नाव स्वतः लिहावयाचे. दुसरीने तिच्यासाठी लिहावयाचे नाही. उद्याच्या डब्यांची पहिली मागणी चिटणीसबाईंनी आत्ताच, चहाच्या आधी, लिहून टाकावी. मग चहा घेऊ.